समस्या निवारण: फक्त संध्याकाळीच हलणारी ग्रिड मीटरची सुई

मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला. माझ्याकडे दोन ८०७ व्हॉल्व्ह (जुन्या काचेच्या ट्यूबा) समांतर जोडून घरीच बांधलेला लिनिअर आहे, म्हणजे छोट्या ट्रान्समीटरची पॉवर वाढवणारा अॅम्प्लिफायर. व्हॉल्व्हमध्ये तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, प्लेट ते गोळा करते, मधली ग्रिड त्यांना कमी-जास्त रोखते आणि स्क्रीन त्यांना पुढे ओढतो. ग्रिडला कायम दिलेलं ऋण व्होल्टेज म्हणजे बायस. प्लेटला ७५० व्होल्ट, स्क्रीनला दोन व्हीआर१५० ट्यूबांनी स्थिर केलेले ३०० व्होल्ट, बायस उणे ३५. ड्राइव्ह (इनपुट सिग्नल) द्यायला समोर २० वॅटचा छोटा रिग (ट्रान्समीटर-रिसीव्हर), तोही १० वॅटवर ठेवलेला. एसएसबीवर (आवाज पाठवण्याची एक पद्धत) ६० ते ७० वॅट निघतात आणि ४० मीटरच्या बँडवर तेवढ्यात महाराष्ट्रभर छान बोलणं होतं. डिसेंबरात हा लिनिअर अगदी शहाण्यासारखा चालतो. अक्षयतृतीया उलटली, नागपुरातल्या घराघरात कूलरला नवीन खस लागली की त्याचं दुखणं सुरू होतं, आणि तेही फक्त संध्याकाळी. ग्रिडचं मीटर, जे शून्यावर पडून राहायला हवं, ते बोलताना प्रत्येक शब्दाला पाव मिलिअँपिअरपर्यंत उडी मारतं. दोन्ही व्हॉल्व्हच्या प्लेटांना बोलणं थांबल्यावरही काळपट लाली राहते. आणि नेटवरून, म्हणजे ठरल्या वेळी हॅम रेडिओवर जमतात त्या सभेत, कोणीतरी सांगतं, "भाऊ, तुमचा सिग्नल पाच किलोहर्ट्झ वर पण ऐकू येऊन राहिला."

शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं. ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ एवढी अरुंद पट्टी आपल्याला ४० मीटरवर मिळते. त्यात आपला आवाज शेजाऱ्याच्या क्यूएसओत (संभाषणात) सांडत असेल तर आधी माइक खाली ठेवून दोष शोधायला हवा.

तीन उन्हाळे मी हा दोष चुकीच्या ठिकाणी शोधला. व्हॉल्व्ह बदलले, ग्रिडचे कॅपॅसिटर बदलले, वायरिंग उसवून पुन्हा केलं. दर वेळी सकाळी चाचणी घेतली, सगळं ठीक दिसलं, दोष गेला असं वाटलं, आणि रात्री आठच्या नेटला सुई पुन्हा उडाली. हाच त्रास आणखी कोणाला होत असेल म्हणून सविस्तर लिहितो.

ग्रिड करंट दोष आहे की नाही, हे आधी क्लासला विचारा

मीटरवर ग्रिड करंट दिसला की लोक घाबरतात, नाहीतर उलट "थोडा चालतोच" म्हणून सोडून देतात. दोन्ही उत्तरं क्लास न विचारता दिलेली आहेत.

क्लास म्हणजे ड्राइव्हच्या एका पूर्ण आवर्तनात प्लेट करंट किती अंशांपर्यंत वाहतो त्याचा हिशेब. क्लास ए मध्ये पूर्ण ३६० अंश, बी मध्ये १८०, सी मध्ये १८० पेक्षा कमी, आणि एबी हा ए आणि बी यांच्या मधला. त्यापुढे जो १ किंवा २ लिहितात त्याचा प्लेट करंटशी काही संबंध नाही, तो ग्रिडचा आहे. एबी१ म्हणजे आवर्तनाच्या कुठल्याही क्षणी ग्रिड करंट वाहत नाही. एबी२ म्हणजे ड्राइव्हच्या धन शिखरांवर तो वाहतो, आणि वाहावा अशीच रचना केलेली असते.

ग्रिड कॅथोडच्या तुलनेत ऋण आहे तोवर ती इलेक्ट्रॉनांना फक्त रोखते, स्वतःकडे घेत नाही. ती धन झाली की कॅथोड आणि ग्रिड मिळून एक साधा डायोड होतो आणि करंट सुरू होतो. ऑक्साइड कॅथोडच्या व्हॉल्व्हमध्ये तर शून्याच्या जरा अलीकडेच, अर्धा-एक व्होल्ट ऋण असतानाच, सुरुवात होते. म्हणजे बायस उणे ३५ असेल तर ड्राइव्हचं शिखर ३५ व्होल्टच्या आतच राहायला हवं. गच्चीवरची टाकी काठापासून ३५ बोटं रिकामी आहे असं समजा. लाट तेवढीच उठू शकते, त्यावर उठली की सांडणारच.

आता हे वॅटमध्ये मांडू. माझ्या ग्रिडच्या बाजूला ५० ओहमचा भार आहे, १ किलोओहमचे २ वॅटवाले २० रेझिस्टर समांतर जोडून केलेला. ५० ओहमवर ३५ व्होल्टचं शिखर म्हणजे ३५ चा वर्ग भागिले १००, म्हणजे १२.२५ वॅट. रिग १० वॅटवर असेल तर शिखर ३१.६ व्होल्ट. साडेतीन व्होल्ट राखीव राहतात. कागदावर सगळं सुरक्षित होतं, म्हणूनच मी या बाजूला तीन वर्षं बघितलंच नाही.

एबी१ मधला थोडासा ग्रिड करंट इतका वाईट का, हेही इथेच सांगतो. माझ्या सर्किटमध्ये बायस २२ किलोओहममधून ग्रिडला जात होता. त्यातून सरासरी ०.२ मिलिअँपिअर वाहिला तरी ४.४ व्होल्ट जादा बायस तयार होतो. तो प्रत्येक जोरदार शब्दाला चढतो आणि शब्द संपला की उतरतो. म्हणजे बोलता बोलता व्हॉल्व्हचा कामाचा बिंदूच वरखाली होतो. शिवाय शिखरांचे टोक दाबले जातात. या दोन्हींतून नको त्या फ्रिक्वेन्सी जन्माला येतात आणि शेजारी सांडतात. एबी२ साठी बांधलेल्या लिनिअरमध्ये बायस सप्लायचा अंतर्गत रोध मुद्दाम खूप कमी ठेवतात, आणि ड्रायव्हरही ग्रिडचा बदलता भार सोसेल इतका दणकट असतो. तिथे तोच करंट निरुपद्रवी. माझा लिनिअर त्यासाठी बांधलेला नव्हता.

मी कुठे भरकटलो

पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं व्हॉल्व्ह गेले. हा संशय अगदीच निराधार नव्हता. जुन्या ८०७ मध्ये कॅथोडवरचं बेरियम हळूहळू उडून ग्रिडच्या तारांवर बसतं. मग ग्रिड तापली की ती स्वतःच इलेक्ट्रॉन सोडू लागते. याला ग्रिड एमिशन म्हणतात. हा करंट नेहमीच्या ग्रिड करंटच्या उलट दिशेने वाहतो आणि बायस कमी करतो. बायस कमी झाला की प्लेट करंट वाढतो, व्हॉल्व्ह आणखी तापतो, ग्रिड आणखी इलेक्ट्रॉन सोडते, आणि हे चक्र व्हॉल्व्ह खाऊन थांबतं. व्हॉल्व्हमध्ये वायू शिरला असेल तरी करंट उलटाच येतो, कारण धन आयन ऋण ग्रिडकडे ओढले जातात. ग्रिड १०० किलोओहममधून बायसला जोडली असेल तर फक्त ५० मायक्रोअँपिअर उलटा करंट ५ व्होल्ट बायस खातो.

पण दिशा! माझी सुई उजवीकडे उडत होती. उलटा करंट असता तर ती डावीकडच्या खिळ्याला टेकली असती. पहिल्या दिवशी एवढं निरखलं असतं तर दोन व्हॉल्व्ह विनाकारण काढले नसते. सीताबर्डीत ते मिळालेही नाहीत. शेवटी इतवारीत एका भंगारवाल्याकडे युद्धकाळातल्या मालातले चार निघाले, त्यांपैकी दोन चांगले.

दुसऱ्या उन्हाळ्यात ऑसिलेशनचा संशय घेतला. ८०७ चा गेन (सिग्नल वाढवण्याची क्षमता) चांगलाच असतो आणि वायर जरा लांब झाली की तो व्हीएचएफवर (खूप वरच्या फ्रिक्वेन्सीवर) स्वतःच शिटी मारायला लागतो. त्याची परीक्षा सोपी आहे. ड्राइव्ह पूर्ण काढा, डमी लोड (अँटेनाऐवजीचा रेझिस्टर) जोडा, आउटपुटकडचे ट्यून आणि लोडिंगचे कॅपॅसिटर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. ग्रिड मीटर कुठेही हललं किंवा प्लेट करंटने उडी मारली तर व्हॉल्व्ह आपणहून ओरडतोय. माझं काहीच हललं नाही. तरी मी ग्रिडच्या पिनांना लागूनच ४७ ओहमचे कार्बन रेझिस्टर आणि प्लेटच्या टोप्यांवर, रेझिस्टरवर चार वेढे गुंडाळलेले सप्रेसर घातले. ते आजही आहेत, असावेतच. वायरवाउंड रेझिस्टर मात्र इथे चालत नाहीत, ते स्वतःच कॉइल असतात.

तिसऱ्या उन्हाळ्यात धरमपेठेतल्या एका ज्येष्ठ काकांकडे गेलो. त्यांचं आयुष्य व्हॉल्व्हच्या ट्रान्समीटरांत गेलेलं. मी सगळी कहाणी सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "बायस उणे पस्तीस म्हणून राहिला तू, पण तो मोजला कवा होता?" मी म्हणालो, बांधला तेव्हा. "आणि रात्री आठ वाजता?"

रात्री आठला मी कधीच मोजला नव्हता.

दोष सकाळी घडवून आणला

घरी येऊन लॉगबुक उघडलं. सांडण्याच्या तक्रारी सगळ्या एप्रिल ते जून, सगळ्या रात्री आठ ते दहा. त्या वेळेला आमच्या गल्लीतले कूलर, पाण्याचे पंप आणि एसी एकदम चालू असतात. मे महिन्यात, विशेषतः नवतप्यात, पारा ४५ च्या वर जातो आणि रात्रीही हवा थंड होत नाही. त्या रात्री मल्टिमीटर भिंतीच्या सॉकेटला लावला तर १९५ व्होल्ट. दुपारी तिथेच २३० होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) काढला. रिगचा १३.८ व्होल्टचा एसएमपीएस (इनपुट बदललं तरी आउटपुट स्थिर ठेवणारा पॉवर सप्लाय) थेट सॉकेटला ठेवला आणि फक्त लिनिअर डिमरस्टॅटवर घेतला. डमी लोड जोडला, माइकसमोर एकसारखं "हॅलो टेस्ट" म्हणत राहिलो आणि व्होल्टेज हळूहळू उतरवलं. २३० ला सुई शून्य. २२० ला शून्य. २०५ च्या आसपास जोरदार शब्दाला सुई थरथरली. १९५ ला पाव मिलिअँपिअरची तीच ओळखीची उडी. संध्याकाळचा दोष सकाळी दहाला माझ्या टेबलावर होता, आणि डिमरस्टॅटची चकती फिरवून मी तो हवा तेव्हा आणू आणि घालवू शकत होतो. तीन वर्षांत पहिल्यांदा खात्री वाटली.

कारण अगदी साधं होतं. माझा बायस एका लहान ट्रान्सफॉर्मरवरून, डायोड आणि कॅपॅसिटर लावून थेट घेतलेला होता, स्थिर केलेला नव्हता. २३० चे १९५ झाले की उणे ३५ चा बायस उणे २९.७ होतो. ग्रिड काठापर्यंत यायला आता ३५ नाही, ३० पेक्षाही कमी व्होल्ट पुरतात, म्हणजे ८.८ वॅट. रिग मात्र एसएमपीएसवर, त्याला १९५ असो की २३०, तो इमानाने १० वॅटच देणार. राखीव साडेतीन व्होल्ट संपून उलट दोन व्होल्ट अंगावर आले.

प्लेटच्या लालीचंही उत्तर तिथेच मिळालं. स्क्रीन व्हीआर१५० मुळे ३०० वरच टिकून राहतो, त्या ट्यूबांचा जांभळट उजेड १९५ ला थोडा मंद होतो पण विझत नाही. स्क्रीन तसाच आणि बायस पाच व्होल्टने ढिला, मग विश्रांतीचा (ड्राइव्ह नसतानाचा) प्लेट करंट वाढणारच. दोन्ही व्हॉल्व्हचा मिळून ५० मिलिअँपिअर होता तो ८० झाला. प्लेट व्होल्टेज ७५० वरून ६३६ पर्यंत पडलं असलं तरी काही न बोलता व्हॉल्व्हमध्ये ५१ वॅट जळत होते. सलग कामासाठी ८०७ ची प्लेट मर्यादा २५ वॅट आहे, म्हणजे दोघांची ५०. एक गोष्ट स्थिर करून दुसरी मोकळी सोडली की असं होतं. दोन्ही मोकळ्या असत्या तर एकमेकींना थोडंफार सांभाळून घेतलं असतं.

दुरुस्ती

हे काम करण्याआधी प्लग सॉकेटमधून काढा, ब्लीडर (कॅपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) काम करतोय हे मीटरने बघा, आणि तरीही अर्थिंगच्या काठीने प्लेटचा कॅपॅसिटर उतरवा. ७५० व्होल्ट दुसरी संधी देत नाहीत. चालू लिनिअरमध्ये मोजायचं असेल तर एक हात मागे.

बायसचा कच्चा सप्लाय २३० वर ७५ व्होल्टचा होईल असा केला. त्यापुढे २.२ किलोओहम आणि मग ४७ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज एका आकड्यावर धरणारा डायोड). १९५ ला कच्चा सप्लाय ६३ च्या आसपास राहतो, तेव्हाही झेनरमधून साडेतीन मिलिअँपिअर जातात, म्हणजे तो जागा राहतो. पुढे २.२ किलोओहम आणि १० किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), त्याच्या वायपरवरून (सरकत्या टोकावरून) ग्रिडला उणे ३५. पॉटबद्दल एक काळजी नक्की घ्या: वायपरपासून पॉटच्या ऋण टोकाकडे १०० किलोओहमचा रेझिस्टर जोडा. जुन्या पॉटचा वायपर कधीतरी पट्टीवरून उचलला जातो. हा रेझिस्टर असेल तर त्या क्षणी ग्रिड पूर्ण ऋण होऊन व्हॉल्व्ह बंद पडतो. नसेल तर ग्रिड बायसविना राहते आणि व्हॉल्व्ह काही सेकंदांत लालबुंद होतो.

ग्रिडला जाणारा २२ किलोओहम काढून २.५ मिलिहेन्रीचा चोक (आरएफ, म्हणजे रेडिओ सिग्नल अडवणारी कॉइल) आणि १ किलोओहम लावला. चुकून करंट वाहिलाच तर बायस आता शब्दागणिक नाचणार नाही. चोकच्या सप्लायकडच्या टोकाला ०.०१ मायक्रोफॅरडचा बायपास कॅपॅसिटर आहे, त्यामुळे आरएफ मीटरमध्ये शिरून खोटं वाचन देत नाही. मीटरच्या वायरला हात लावल्यावर तुमचं वाचन बदलत असेल तर आधी हा बायपास तपासा, बाकी सगळं नंतर.

एक गोष्ट मात्र बायस स्थिर करूनही उरली. पहिल्याच शब्दाला सुई किंचित हलायची आणि मग शांत. हा रिगचा दोष. रिग १० वॅटवर ठेवला तरी त्याचं एएलसी (पॉवर आपोआप आवरणारं सर्किट) जागं व्हायला क्षणभर घेतं आणि तेवढ्यात पहिल्या अक्षराला पूर्ण २० वॅट बाहेर पडतात. २० वॅटचं शिखर ४४.७ व्होल्ट. उणे ३५ चा बायस त्याला काय पुरणार! यावर पॉवरची चकती फिरवून उपाय होत नाही. रिग आणि लिनिअर यांच्यामध्ये ३ डीबीचा पॅड (पॉवर निम्मी करणारी रेझिस्टरांची जोडणी) घातला: दोन्ही बाजूंना २९२ ओहमच्या जवळपास, मध्ये १७.६ च्या जवळपास, सगळे रेझिस्टर समांतर जोडून साधलेले आणि मिळून १० वॅट सोसतील असे. आता रिग २० वर ठेवतो. त्याने कितीही जोर केला तरी ग्रिडपर्यंत १० वॅटच पोहोचतात आणि शिखर ३१.६ व्होल्टवर थांबतं. माझ्या मते मोठ्या रिगने छोटा एबी१ लिनिअर चालवणाऱ्या प्रत्येकाने पॅड घालावा. चकतीवरच्या विश्वासापेक्षा चार रेझिस्टर भरवशाचे.

हीटरचं काम अजून बाकी आहे. १९५ ला ६.३ व्होल्टचे ५.३ होतात, हे दहा टक्क्यांच्या सवलतीच्याही बाहेर आहे. कॅथोड थंड पडला की शिखरांना लागणारे इलेक्ट्रॉन पुरत नाहीत आणि टोकं त्या कारणानेही दबतात. रिलेचा स्टॅबिलायझर लावून बघितला, पण तो बोलण्याच्या मध्येच पायरी बदलतो आणि प्लेट व्होल्टेज धक्का खातं. सध्या संध्याकाळी नेटच्या आधी डिमरस्टॅटने हीटरवर ६.३ मोजून घेतो. सर्व्हो स्टॅबिलायझर घ्यायचा आहे.

तुमच्याकडे कारण वेगळं असेल तर

सुई डावीकडे, म्हणजे उलटी जात असेल तर वरची दुरुस्ती तुमच्या कामाची नाही. जुन्या मीटरला शून्याच्या खाली जागाच नसते. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर लावा, त्याचं उणे चिन्ह खरं सांगतं. ड्राइव्ह नसताना व्हॉल्व्ह दहा-पंधरा मिनिटं विश्रांतीच्या करंटवर ठेवा. उलटा करंट तापमानासोबत हळूहळू चढत असेल तर ग्रिड एमिशन. तो प्लेट करंटसोबत लगेच येत असेल आणि बायस वाढवून प्लेट करंट बंद करताच जात असेल तर वायू. काचेच्या व्हॉल्व्हच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर विचारच नको, हवा शिरली आहे.

आणि व्हॉल्व्ह काढून घेतल्यावरही करंट दिसत असेल तर? मानेवाड्यातल्या एका मित्राच्या लिनिअरमध्ये हेच होतं. त्याच्या शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) कूलर थेट लिनिअरच्या पाठीमागे. ओली हवा आणि वर्षभराची धूळ मिळून सॉकेटवर असा लेप बसला होता की स्क्रीनच्या पिनेवरून ग्रिडच्या पिनेकडे गळती होत होती. ३०० व्होल्ट शेजारीच असतात, थोडा ओलावा पुरतो. सॉकेट स्पिरिटने धुतलं, दिवसभर उन्हात ठेवलं, कूलरची दिशा बदलली. मीटर शून्य.

ड्रायव्हरही व्हॉल्व्हचा असेल तर त्याच्या प्लेटपासून तुमच्या ग्रिडपर्यंतचा कपलिंग कॅपॅसिटर आधी बदला. तो जरा जरी गळला तरी ग्रिडवर धन व्होल्टेज येतं, आणि मोजून बघण्यात वेळ घालवावा इतका तो महाग नाही.

क्लास सी मध्ये चालणाऱ्या जुन्या सीडब्ल्यू (मोर्स) ट्रान्समीटरवाल्यांनी यातलं काहीच लावून घेऊ नये. तिथे ८०७ ला तीन-चार मिलिअँपिअर ग्रिड करंट हवाच. ग्रिड लीक रेझिस्टरमध्ये त्याच करंटमुळे बायस तयार होतो. तिथे सुई शून्यावर आली तर ड्राइव्ह गेलाय आणि त्याच्यासोबत बायसही. संरक्षणासाठी वेगळा स्थिर बायस नसेल तर प्लेट लाल होण्याआधी स्विच गाठा.

ग्राउंडेड ग्रिडची गोष्ट उलटी आहे

हे सगळं मी नेटवर सांगितलं तेव्हा वर्धा रोडकडच्या एका मित्राने लगेच आपल्या ३-५००झेड व्हॉल्व्हच्या लिनिअरवर तोच नियम लावला. ग्रिड करंट दिसतोय म्हणून त्याने ड्राइव्ह कमी कमी करत आणला आणि मग आउटपुट मिळत नाही म्हणून मला फोन केला. ३-५००झेड हा ग्राउंडेड ग्रिडमध्ये चालणारा ट्रायोड, म्हणजे स्क्रीन नसलेला व्हॉल्व्ह; त्याची ग्रिड अर्थला जोडतात आणि ड्राइव्ह कॅथोडला देतात. त्याची ग्रिड २० वॅट सोसायला बनवलेली आहे, तर ४सीएक्स२५०बी सारख्या टेट्रोडची (स्क्रीन असलेल्या व्हॉल्व्हची) फक्त २ वॅट. एकाला ग्रिड करंट जेवणासारखा, दुसऱ्याला विषासारखा. ३-५००झेड च्या डेटाशीटमध्ये २५०० व्होल्टवर पूर्ण ड्राइव्हला प्लेट ४०० मिलिअँपिअर आणि ग्रिड साधारण १२० अशी जोडी दिलेली आहे. आपण लायसन्सच्या मर्यादेत चालवतो तेव्हा दोन्ही आकडे खाली येतात, पण ग्रिड प्लेटच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात असणं हेच निरोगी चित्र.

त्याचं मीटर मात्र ग्रिडला प्लेटच्या निम्म्याहून जास्त दाखवत होतं. दोष ड्राइव्हचा नव्हता, लोडिंगचा होता. अँटेनाकडे पॉवर पुरेशी काढली जात नसेल तर प्लेटवरचं आरएफ व्होल्टेज खूप झुलतं, प्लेट करंटच्या शिखराच्या क्षणी प्लेटचं व्होल्टेज खूप खाली येतं आणि इलेक्ट्रॉनांना ग्रिड जवळची वाटते. मी त्याला फोनवरच म्हणालो, लोडिंगचा कॅपॅसिटर थोडा उघड, म्हणजे त्याची क्षमता कमी कर, मग ट्यून पुन्हा डिपवर (प्लेट करंट सगळ्यात कमी होतो तिथे) आण, आणि ग्रिड बघ. तीन वेळा केल्यावर ग्रिड चौथ्या हिश्श्यावर आली आणि आउटपुट वाढलं. उलट ग्रिड फारच कमी आणि प्लेट जास्त असेल तर लोडिंग अति झालंय. दोन्ही महिन्यागणिक एकत्र घसरत असतील तर फिलामेंटचं एमिशन संपत आलंय. पण ते ठरवण्याआधी सॉकेटच्या पिनांवरच फिलामेंटचे ५ व्होल्ट मोजा. १५ अँपिअरच्या आसपास वाहताना ढिल्या पिनेवर सहज पाव-अर्धा व्होल्ट जातो.

टेट्रोडमध्ये हीच खूण स्क्रीन करंट देतो. लोडिंग हलकं असेल तर स्क्रीन करंट चढतो, जड असेल तर उतरतो, ४सीएक्स२५०बी मध्ये कधी कधी शून्याच्या खालीही जातो. म्हणून त्याच्या स्क्रीन सप्लायला ब्लीडर लागतोच, नाहीतर उलट्या करंटने स्क्रीन व्होल्टेज वर चढत जातं.

या मे महिन्यात रात्री साडेआठला सॉकेटवर १९२ व्होल्ट होते. बायस मोजला, उणे ३४.९. विश्रांतीचा करंट ५२. माझ्या फ्रिक्वेन्सीच्या चार किलोहर्ट्झ वर ऐकत बसलेल्या, नेटवर सांडण्याची तक्रार करणाऱ्या त्याच मित्राला मी विचारलं. तो म्हणाला, "काहीच नाही भाऊ, फक्त बँडचा आवाज."